ताकदीचा वडा

"साहेब, सुकडीत काय हाय? ताकद उडदात हाय. वडा खाल्लेला माणूस दिवस मावळंस्तोवर माती उपसतंय!"

नव्या जिल्हा कचेरीतल्या साहेबांना रेवणप्पाने हे छातीठोकपणे सांगितलं. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, मागोमाग दुष्काळ आला; औशातल्या त्याच्या हॉटेलात मात्र माशीही फिरकेना. दुष्काळी कामावरच्या मजुरांना सरकारकडून मिळणाऱ्या सुकडीच्या कोरड्या पिठाऐवजी वडे पुरवायचं काम मिळालं तरच हॉटेल टिकणार होतं. नाहीतर बायकोला घेऊन देगलूरला मेहुण्याच्या दारात जायचं आणि जन्मभर टोमणे गिळायचे. जिवावर आलं होतं बिचाऱ्याच्या.

साहेब म्हणाले, "एक दिवस करून दाखवा."

तळ्याच्या कामावर सकाळी टँकर आला आणि मजुरांची पिण्याची टाकी भरून गेला. रेवणप्पाच्या घरी पाण्याचा ठणठणाट, म्हणून त्याने त्याच टाकीतून घागरी भरून डाळ भिजत घातली.

"आवो, लोकांच्या प्यायच्या पान्यात डाळ?" बायको बसम्मा कुजबुजली.

"गप. ताकद देतोय की त्यांला."

डाळ फुगली, तशी रेवणप्पाची छातीही फुगली. वाटायला पुन्हा टाकीतलं पाणी लागलं. वडा थापायला दर वेळी हात ओला करावा लागला. दुपारी वडे निघाले ते असे खरपूस, की माती उपसणाऱ्या बाया पाट्या टाकून धावल्या. लाल मिरचीच्या चटणीसंगं वड्यांचा फडशा पडला. पाहायला आलेल्या साहेबांनी चवीपुरता एक घेतला आणि थांबायचं विसरले.

मग सगळ्यांनाच एकदम तहान लागली. टाकी तर कोरडी ठणठणीत!

साहेबांना उचकी लागली. दर उचकीला मान हलायची. रेवणप्पाला वाटलं, पसंती देतायत.

"मग साहेब, उद्यापासून आणू?"

साहेबांनी पुन्हा मान हलवली आणि तसेच जीपकडे पळाले. जाता जाता मुकादमाला कसंबसं सांगितलं, "पाणी नाही, काम बंद करा. आणि उद्यापासून... सुकडीच."

सगळ्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. रेवणप्पा कढईपाशी मान खाली घालून बसला. त्याला रडू येत होतं. कोंडाबाई नावाची म्हातारी मजूर पाटी काखेला लावून त्याच्यापाशी थांबली. आता ही शिव्या घालणार, म्हणून त्याने डोळे मिटले.

"वडा लई चांगला होता बघा अण्णा," ती कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत म्हणाली. "पुन्हा आणू नका."