हलका क्लच

अंजूरच्या लडकूच्या पिकअपचा क्लच इतका जड होता, की तो दाबताना लडकू सीटवर बसलाय की उभा आहे, हे बाहेरून कळत नसे. सोडताना नखभर चूक झाली, की गाडी बोकडासारखी उडी मारून बंद पडे. ती ऐकायची फक्त लडकूचंच.

"दादा, क्लच बदल. गुडघा जाईल तुजा," असं त्याचा चुलतभाऊ मनोज रोज सांगू लागला. मनोजचीही हीच गाडी, हेच मॉडेल. नारपोलीला सावळाराम मिस्त्रीच्या गॅरेजात तो स्वतः बरोबर आला. मिस्त्रीने दोन क्लच पुढे ठेवले. लडकूचा हात स्वस्तातल्याकडे गेला, तो मनोजनेच धरला. "ह्यो न्हाय. ओरिजनल टाक. लोन्यासारका चालंल."

भावाची एवढी माया पाहून लडकूला भरून आलं.

क्लच खरोखरच लोण्यासारखा निघाला आणि ही बातमी गावभर झाली. दोन दिवसांत गोदूकाकी दारात हजर. "लडकू, पोरीची हळद हाय. खुर्च्या आनाच्यात. मनोजची गाडी कालपास्नं रुसलीय. तुजी आमचा दामू चालवंल. आता कुनालाबी जमते म्हनं!"

लग्नघराला गाडी नाकारायची गावात रीत नाही. उद्या आपल्या दारच्या हळदीला कोण येणार? काकीनंतर तिचे व्याही आले, मग व्याह्यांचे शेजारी. पुढे तर किल्ली लडकूला न विचारताच या मांडवातून त्या मांडवात जाऊ लागली.

लडकू रोजचा माल उचलायला पूर्णा गावच्या गोदामावर रिक्षाने पोचला, तेव्हा सुपरवायझर मितेशने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "माल काय डोक्यावरून नेणार? उद्या गाडी दिसली नाही, तर तुझी फेरी दुसऱ्याला."

लडकू तोंड पाडून घरी आला.

"अवो, मंग जुनाच क्लच बसवून घ्या," त्याची बायको तुळजा म्हणाली. "गुडघा गेला तर मी तेल लावीन. फेरी गेली तर काय लावू?"

लडकूला पटलं. शेवटच्या मांडवातून गाडी सोडवून त्याने थेट गॅरेज गाठलं.

"जुना क्लच?" सावळाराम हात पुसत म्हणाला. "तो मनोज घेऊन गेला ना! स्वतःच्या गाडीत बसवून घेतला."

"त्याचा तर चांगला होता!"

"म्हणूनच. सगळा गाव त्याचीच गाडी न्यायचा. मला बोलला, गावाला एक हलकी गाडी पुरे हाय."

लडकू स्टुलावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग उठून म्हणाला, "मिस्त्री, भंगारात बघ जरा. त्याच्याहून जड गावतो का?"