ढोमणे सरांची पायरी

ढोमणे सर नव्या माणसाचा चेहरा नंतर पाहतात, आधी चपलेची टाच. भिलाईतल्या आमच्या शाळेत मी रुजू झाले, त्या दिवशी नमस्कार राहिला बाजूलाच. सरांनी विचारले, "मॅडम, टाच दाखवता का? आतून झिजली का बाहेरून?"

सर चौथीला भूगोल शिकवतात. झीज हा त्यांचा आवडता धडा; बाकीचे धडे ते पगारासाठी घेतात. साबणाची झिजलेली वडी, गुळगुळीत झालेले नाणे, पाते निम्मे उरलेली विळी, असे साहित्य त्यांच्या पिशवीत कायम असते. मुख्य प्रयोग मात्र वरांड्याच्या दगडी पायरीवर होतो. मुलांच्या पावलांनी ती मधोमध खोलगट झाली आहे. सर तिच्यावर माती पसरतात आणि तांब्याने सावकाश पाणी सोडतात. पाणी नेमके खळग्यातून वाहते, माती सोबत नेते आणि खाली जमिनीवर पंख्यासारखी पसरून ठेवते.

"सर, नदी!" मुले ओरडतात.

"और ये घाटी कितने दिन में बनी?"

"एक दिन में!" कोणीतरी हमखास म्हणतो.

"एक दिन में नहीं होता, बाबू. आते रहना पड़ता है."

यंदा वरांड्याला टाइल्स लावायचे ठरले. पायरीही झाकली जाणार होती. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "सर, एखादं पोर घसरेल."

"आजवर कोणी नाही घसरलं, मॅडम. टाइल्सवर मीच पहिला पडीन."

मिस्त्री माप घ्यायला आला तेव्हा सर त्याच पायरीवर डबा उघडून बसले होते. "जरा उठा ना, गुरुजी."

"कावून उठू? जेवून राहिलो ना मी!"

मिस्त्री जेव्हा येई, तेव्हा सरांना भूक लागलेली असे. शेवटी एका शनिवारी, सर घरी गेल्यावर, मोठ्या मॅडमनी ती एक पायरी सोडायला सांगितली.

ही बातमी द्यायला मी रविवारी पद्मनाभपुरात त्यांच्या घरी गेले. सर एकटेच राहतात. बैठकीत वेताच्या दोन खुर्च्या होत्या. एकीची बैठक खाली झोळ पडलेली, हात काळे गुळगुळीत; दुसरी चकचकीत. तिच्यावर त्यांनी मला बसवले.

"पायरी राहिली, सर."

"बरं झालं," ते म्हणाले. मग चहा ठेवायला उठले.

चहा घेताना मी सहज विचारले, "ही खुर्ची नवी घेतली का?"

"नाही, मॅडम. दोन्ही सोबतच घेतल्या होत्या." त्यांनी खाली वाकून माझ्या खुर्चीचा वेत निरखला, टाच निरखतात तसा. "हिच्यावर काही शिकवता येत नाही."

मी आणखी अर्धा कप चहा मागून घेतला. निघताना मी म्हणाले, "पुढच्या रविवारी येते."

सर दाराशी उभे होते. "या," ते म्हणाले. "एका दिवसात नाही होत."