गुप्त गर्जनेचं चौथं पान

यादवी युद्ध पेटलं की समाजाला तीन वस्तूंची तातडीनं गरज भासते: मीठ, घासलेट आणि गुप्त वृत्तपत्र. पहिल्या दोन मिळाल्या नाहीत तर माणसं काही दिवस दम धरतात. तिसरी मिळाली नाही तर युद्ध नेमकं कशासाठी चाललं आहे याचाच विसर पडतो आणि शांतता पसरण्याचा धोका निर्माण होतो. निंबदरा गावावर असा धोका १९६३ साली एकदाच आला होता. तो ज्यानं वेळीच परतवून लावला तो संपादक म्हणजे मी. एरवी मी तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेचा एकमेव मास्तर होतो.

निंबदरा घाटंजीपासून दोन कोसांवर. मधून नाला वाहतो. नाल्याच्या अलीकडे गाव, पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आणि दोघांची मिळून एक ग्रामपंचायत. शत्रू परका असला तर त्याला साधं युद्ध म्हणतात. आमच्याकडे शत्रू कापूस वेचायला आपल्याच शेतात यायचा आणि दुपारी आपल्याच माठातलं पाणी प्यायचा, म्हणून ती यादवी.

युद्धाचं कारण एसटी. त्या उन्हाळ्यात आमच्या गावापर्यंत गाडी सोडायचं ठरलं, पण थांबा एकच मिळणार होता. तो गावच्या चिंचेखाली असावा असं पंच देवराव यांचं मत होतं. तो तांड्याच्या मोहाखाली असावा असं तांड्याचे नाईक नेमसिंग यांचं मत होतं. दोन झाडांमधलं अंतर एवढंच, की चिंचेखालून मारलेली हाक मोहाखाली ऐकू जाई. (युद्धकाळात मारलेल्या हाका इतिहासात नोंदवण्याजोग्या नाहीत.)

या गाडीत आणखी एका व्यक्तीचा जीव अडकला होता. नलू ही माझी चौथी पास झालेली विद्यार्थिनी. आमच्या शाळेतून चौथी पार केलेली ती पहिली मुलगी. तिचा बाप उकंडा यानं बौद्ध धर्म घेतला तेव्हाच पोरीला शिकवायचं मनाशी पक्कं केलं होतं, पण वाटेतल्या नाल्याची त्याला धास्ती होती. त्यानं मला स्पष्ट सांगितलं, "गुर्जी, गाडी आली त पोरीले घाटंजीले धाडतो. पायी नाही धाडत बुवा. नाल्याले पूर आला का कोन जाईन पाहाले? गाडी नाही आली त मायसंगं निंदाले जाईन."

थोडक्यात, गाडी आली तर पाचवी, नाही आली तर शेतातलं निंदण. मी त्याला सांगितलं, "येईल रे गाडी." शिक्षणावर माझी पहिल्यापासून फार श्रद्धा.

मग एका दुपारी देवराव शाळेत आले आणि दार लोटून म्हणाले, "मास्तर, आपल्याले एक पेपर पाहिजे. पन असा, का कोनं लेहला ते कोनालेच समजलं नाही पाहिजे."

अशा रीतीनं 'गुप्त गर्जना' या भूमिगत पत्राचा जन्म झाला. गर्जना गुप्त कशी असेल, असा प्रश्न मला त्या काळी पडला नाही. पेन्सिल जोरात दाबून, कार्बन घालून, एका वेळी पाच प्रती निघत. पाचवी प्रत मुळीच वाचता येत नसे. ती आपल्याच पक्षाच्या लोकांना देत असू, कारण त्यांना मजकूर अगोदरच पटलेला असे. वितरण कडब्याच्या पेंढीतून होई. वरून पाहणाऱ्याला वाटावं, वैरण चालली आहे. एक संपूर्ण अंक बैलानं खाल्ला. एवढा एक प्रकार सोडला तर वृत्तपत्राची गळचेपी करण्याचा प्रयत्न आमच्याकडे झाला नाही.

पहिल्याच अंकात मी सिद्ध केलं, की मोहाखाली थांबणाऱ्या गाडीच्या इंजिनाला मोहाचा वास लागून ती पुढे सरळ चालत नाही. गावात आनंदीआनंद झाला.

तिसऱ्या दिवशी नेमसिंग नाईक चार माणसं घेऊन माझ्या दारात. हातात 'गुप्त गर्जना'. नाईक म्हणाले, "मास्तर, जरा हे वाचून दाखवा. कोन्या बदमाशानं लेहलं?"

इथे आमच्या वाचकवर्गाविषयी थोडी आकडेवारी देणं आवश्यक आहे. 'गुप्त गर्जना'चे वाचक: संपूर्ण गाव आणि संपूर्ण तांडा. त्यांपैकी वाचता येणारे: मी. (शाळेतली पोरं होती, पण ती पुस्तकातलंच वाचत.) म्हणजे गावातले अंक गावकरी माझ्याकडून वाचून घेत आणि पेंढीतून सापडलेले अंक तांडा माझ्याकडून वाचून घेई. गुप्त पत्राच्या संपादकानं आपलं पत्र शत्रूच्या तळावर मोठ्यानं वाचून दाखवण्याचा प्रकार इतर देशांतल्या यादवीत क्वचितच घडला असावा.

मी वाचलं. अग्रलेखाच्या ठिकाणी आवाज चढवला, शेवटाला खाली आणला. नाईकांनी अंक परत घेऊन त्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, "बदमाश हाय, पन लेहते झकास. तुमी वाचताबी झकास. थो सापडेपर्यंत आमचाबी एक काढा."

'अदृश्य नगारा' त्याच आठवड्यात निघाला. चिंचेखाली उभ्या राहिलेल्या गाडीला रात्री खोकला होतो, हे मी त्यात साधार दाखवून दिलं. पत्रकारानं दोन्ही बाजू मांडाव्यात असं म्हणतात. मी त्या दोन स्वतंत्र कागदांवर मांडल्या. स्वतःला स्वतःच दिलेलं उत्तर इतकं झोंबरं असे, की पुढचा अंक लिहिताना मला खरोखर संताप येई. एकदा 'नगाऱ्या'नं 'गर्जने'च्या संपादकाला भाडोत्री म्हटलं. तो शब्द मला आजतागायत लागून राहिला आहे.

या काळातली जीवितहानी: शून्य. जखमी: एक (माझं बोट). फुटलेले माठ: एक. देवरावांच्या कांताबाई आणि नाईकांच्या सुखीबाई पापड मिळून लाटत. ते पापड त्या वर्षी लाटले गेले नाहीत. त्याआधी संध्याकाळी माझ्याकडे कुत्रंही फिरकत नसे. आता नाल्याच्या दोन्ही काठांवर माझ्यासाठी घोंगडी अंथरलेली असे. मी तोंड उघडलं की माणसं विड्या विझवत. मला ते आवडे. फार आवडे.

मे महिना सरत आला असताना नलू एक अंक घेऊन आली. कडब्यातून पडला होता. म्हणाली, "गुर्जी, हे अक्षर तुमचं हाय. माह्या पाटीवर तुमी हेच काढून देता."

मी म्हणालो, "हळू बोल."

"मी नाही सांगत कोनाले. पन चावडीवर एसटीचा कागद लागला हाय. कोनीच वाचला नाही. तो टाका ना तुमच्या पेपरात. तुमचं सगळे आयकते."

चावडीवरून मी रोज जात होतो. कागद दिसला होता. पण संपादक झाल्यापासून मी दुसऱ्यानं लिहिलेलं वाचणं सोडलं होतं. आलेली बातमी नाकारायची नाही हे आमचं धोरण असल्यामुळे मी तिला शब्द दिला आणि तो पाळला. दोन्ही पत्रांत. 'गुप्त गर्जना'चा तो अंक सर्वात गाजला. त्यातला मजकूर असा:

पहिलं पान: नाईकांच्या बकऱ्या आणि लोकशाही. दुसरं पान: मोहाच्या झाडावर पूर्वी कोण राहत असे (वाचकांच्या आग्रहावरून पुन्हा). तिसरं पान: 'नगाऱ्या'च्या संपादकाला आणखी सात सवाल. चौथं पान: हवामान, उपवासाचे दिवस, एक सूचना (थांब्याची एकच जागा ठरवून दोन्ही बाजूंच्या सही-अंगठ्यांचा ठराव जून उजाडायच्या आत न पोचल्यास गाडी शेजारच्या गावी वळवली जाईल), आणि मागचा अंक खाल्लेल्या देवरावांच्या बैलाच्या प्रकृतीचा ताजा अहवाल. बैल अग्रलेखापर्यंत ठीक होता. सात सवालांनंतर त्यानं रवंथ थांबवलं.

गावात वाचन झालं. बैलाच्या अहवालाला लोक आडवे होऊन हसले. म्हाताऱ्या मैनाबाईंना तर पाणी द्यावं लागलं. मी सूचनेकडे परत वळलो, तर देवराव म्हणाले, "ते राहू द्या हो मास्तर. बैलाचं फिरून वाचा."

मी फिरून वाचलं.

तांड्यातही सूचना आली की रुपीबाई म्हणाली, "आपल्यावालं लावा ना, गाडीच्या खोकल्याचं." मी खोकल्याचं लावलं. खोकूनही दाखवलं. पेपर बाजूला ठेवून साध्या आवाजात एवढंच म्हणता आलं असतं, की बाबांनो, अंगठे उठवा, चार दिवस उरलेत. पण मग युद्ध मिटलं असतं, आणि युद्ध मिटल्यावर घोंगडी कोणासाठी अंथरतात? नलू माणसांच्या मागे उभी होती. मी खोकायला लागलो तेव्हा ती निघून गेली.

जून उजाडला. गाडी शेजारच्या गावी सुरू झाली. पहिल्या दिवशी तिची धूळ पाहायला गाव आणि तांडा एकाच टेकडीवर जमले. पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत झालं: दोष समोरच्याचा. दोन्ही बाजूंनी लगेच विशेषांक मागितला. मी दोन्ही काढले. एवढा खप पुढे कधी झाला नाही.

निंदणाच्या दिवसांत मी वाटेनं चाललो होतो. नलू आई पंचफुलाबरोबर पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या ओळीत वाकलेली होती. मला पाहून ती शेताच्या धुऱ्यावर आली. हातात विळा. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, आणि बोलावं असंही वाटलं. ती म्हणाली, "गुर्जी, नवा अंक हाय का? वाचाले द्या. आता वाचाले दुसरं काहीच नाही."

मी खिशातला अंक दिला. पाचवी प्रत होती. तिनं ती उन्हात धरली, डोळे बारीक केले आणि वाचायचा प्रयत्न करत राहिली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं.

निंबदऱ्याच्या लोकांना नावं ठेवणं सोपं आहे. त्यांना बिचाऱ्यांना वाचता येत नव्हतं. तुमचं तसं नाही. तुम्ही शिकलेले, इथवर स्वतः वाचत आलात, आणि नलूची काळजी तुम्हाला पहिल्यापासून होती, जशी उकंडाला होती आणि मलाही होती. जून उजाडायच्या आत काय करायला हवं होतं ते मी तुम्हाला वेळेवर, स्पष्ट शब्दांत कळवलं होतं. कंसात होतं, हे खरं. बैलाच्या अगदी आधी.

(आता वर जाऊन शोधू नका. मुदत संपली.)