हवालदारांची ट्रंक

बाळांनो, तुमची आजी घड्याळ लावायची ती रेडिओवरून नव्हे, हवालदारांच्या घंटेवरून. सांगलीच्या आमच्या मुलींच्या शाळेत ते शिपाई होते. त्याआधी पलटणीत हवालदार. टाचा जुळवून टोल द्यायचे आणि मग घंटेलाच हुकूम सोडायचे, "विश्राम!" सबंध नोकरीत ती घंटा एकदाच उशिरा झाली.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी आठवीला नागरिकशास्त्र शिकवत होते. सहामाहीत विचारलं होतं: स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे घटनाकारांनी कोठून घेतली? हवालदारांच्या मुलीने, सुमनने लिहिलं, भगवान बुद्धांच्या शिकवणीतून. माझ्या यादीत उत्तर होतं फ्रेंच राज्यक्रांती. मी लाल फुली मारली.

दुसऱ्या दिवशी हवालदार शिक्षकांच्या खोलीच्या दारात सावधान उभे.

"बाई, पोरीचं बरोबर हाय. फुली तुमची चुकली."

"पुस्तकात पाहा, हवालदार."

"म्या बराकीत सोताच्या कानानं रेडिओ ऐकला. घटना लिवनारा मानूसच म्हनला, फ्रान्सातनं न्हाई, बुद्धाकडनं घेतलं."

"एका मार्कासाठी एवढं?"

"मार्क ऱ्हाऊ द्या. पोरगी रोज अभ्यासाला माज्याजवळ बसायची. आता म्हनती, आबा, तुमी नका शिकवू, तुमचं चुकतंय."

मी जरा वरमले. पण शिस्त ती शिस्त. "छापील पुरावा आणा," म्हटलं.

झालं! रोज सकाळी रिपोर्ट: "पुरावा हुडकतोय, बाई." मधल्या सुट्टीत खोलीत चहा ठेवता ठेवता व्याख्यान: "समदे पुढारी येका साच्यातनं निघालं व्हय? कुनी सांजच्याला प्रार्थना म्हनायचा, कुनी देवच मानत नव्हता, कुनी विलायतेत कायदा शिकला. घटना म्हंजी पलटनीच्या लंगरातला सैपाक, समद्यांनी मिळून रांधला. पर डाळ कुनी आनली, त्येचं नाव घ्याया नगं?"

संस्कृतच्या बाई म्हणाल्या, "डाळ आमच्याकडेही होती, हवालदार. सर्वांत एकच आत्मा, हे आमच्या ऋषींनी कधीच सांगितलंय."

"मंग वाढायला येवढा उशीर का केला, बाई?"



दिवाळीनंतरच्या एका सोमवारी ते डोक्यावर लोखंडी ट्रंक घेऊन खोलीत शिरले. रहिमतपूरच्या त्यांच्या पलटणीतल्या जोडीदाराने त्या भाषणाचं कात्रण झाकणाला आतून खळीनं चिकटवलं होतं. सोलायला जावं तर फाटायचं. म्हणून आख्खी ट्रंकच एस.टी.च्या टपावर टाकून आणली. मी चष्मा लावला आणि ट्रंकेत डोकं घातलं. अक्षरं पिवळी पडली होती, पण घटनाकार तेच सांगत होते.

मी तडक वर्गात गेले, फुली खोडली आणि फळ्यापुढे उभी राहून म्हणाले, "सुमनचं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती." दाराबाहेर टाचा जुळल्याचा आवाज आला.

त्याच आठवड्यात एक दिवस मधली सुट्टी संपायची वेळ उलटली, तरी घंटा नाही. मी तरातरा व्हरांड्यात आले. घंटेखालच्या बाकावर सुमन पुस्तक उघडून बसली होती. ओळीवर बोट ठेवून वडिलांना काही विचारत होती. हवालदार मान वाकवून ऐकत होते, हातोडी मांडीवर तशीच.

मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं.

दोन मुली वर्गाकडे निघाल्या होत्या. "अजून वेळ आहे," मी म्हटलं, "खेळा."