मिठात मुरलेली हार्ड डिस्क

वस्तू टिकवायची असेल तर ती मिठात ठेवावी आणि आवाज टिकवायचा असेल तर तो हार्ड डिस्कमध्ये ठेवावा, ही दोन्ही तत्त्वं आपापल्या जागी निर्विवाद आहेत. अडचण येते ती दोन्ही एकदम पाळली की.

रेवसच्या अलीकडे मोरूच्या घरात ती एकदम पाळली गेली. मोरूची आई ठमीबाई ही नावाजलेली धवलारीण. तिने धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गायल्याशिवाय पंचक्रोशीतल्या आगरी लग्नाला कोणी लग्न म्हणत नसे. (हल्ली डीजे वाजल्याशिवाय म्हणत नाहीत. प्रगती थांबत नसते.) मोरूचा पुतण्या हितेश याने आजीचे धवले फोनवर रेकॉर्ड केले, डिस्कमध्ये भरले आणि फोनवरचे पुसून टाकले, कारण क्रिकेटच्या व्हिडिओंना जागा हवी होती. डिस्क आजीच्या हवाली झाली. घराणं मिठागरवाल्यांचं. कैरी असो की मासळी, जे नासू नये ते मिठात जायचं. आजीने डिस्क धुतलेल्या फडक्यात गुंडाळून मिठाच्या बरणीत मधोमध पुरली. कोणी हरकत घेतली नाही. ज्या घराने मिठावर ट्रक घेतले, त्या घरात मिठावर अविश्वास कोण दाखवणार?

पुढे ठमीबाई गेली. आता मोरूच्या मुलीची, मृणालीची, हळद शनिवारवर आली होती आणि तिची अट एकच होती: हळद आजीच्या आवाजात लागली पाहिजे. मोरूने शब्द दिला. डिस्क बरणीतून काढली, पुसली, लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपने तिला ओळखच दाखवली नाही.

न वाचल्या जाणाऱ्या डिस्कबाबत आमच्या तालुक्यात एक सर्वमान्य कार्यपद्धती आहे. प्रथम केबल काढून परत लावावी. तीच केबल फुंकून लावावी. मग उलटी करून लावावी (ती उलटी बसत नाही, हे प्रत्येकाने स्वतः सिद्ध करायचं असतं). एवढ्याने भागलं नाही तर जाणकार बोलवावेत. जाणकार म्हणजे ज्याच्या स्वतःच्या डिस्कवर अजून ही वेळ आलेली नाही, असा गृहस्थ. मोरूच्या ओटीवर असे पुष्कळ जमले. त्यांतल्या साधारण सत्तर टक्क्यांनी व्हायरस असल्याचं सांगितलं, वीस टक्क्यांनी दृष्ट लागल्याचं, आणि उरलेल्यांनी चहा घेतला. मोरू स्वतः ट्रकवाला. स्टार्टर अडला की पान्याने हलकी थाप द्यायची, हा त्याचा खात्रीचा इलाज. तो पाना घेऊन आलाही. मृणालीने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

मग अलिबागहून कॉम्प्युटरवाला परेश आला. त्याने डिस्कच्या तोंडाशी जमलेलं मीठ आणि गंज घासून काढला. दिवा लागला. ओटीवर आनंद पसरतो न पसरतो तोच पडद्यावर विचारणा आली की, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का? म्हणजे आतलं सगळं पुसून टाकलं, की आतलं वाचण्यात काही अडचण उरणार नाही. इतका सुटसुटीत तोडगा कोणत्याही कार्यालयाला शोभला असता. तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेल्या दयारामकाकांना तर तो मनापासून पटला.

“व्हय म्हण,” काका म्हणाले. “व्हय म्हटल्याबिगर काम पुढं सरकत न्हाय.” आणि त्यांनी बोट पुढे केलं.

मोरूने त्यांचं मनगट धरलं. वडीलधाऱ्या माणसाचं मनगट त्याने जन्मात कधी धरलं नव्हतं.

“काका, आय हाय त्याच्यान,” तो म्हणाला. “आता दुसरीकडं कुठंच न्हाय.”

परेशने ‘नाही’ दाबलं, डिस्क दुकानात नेली आणि शुक्रवारी दुपारी अख्खं रेकॉर्डिंग घेऊन आला. मोरूला रडू फुटलं. त्याने ते लपवलं नाही.

मग सगळे ऐकायला बसले. तपशील पुढीलप्रमाणे. धवल्याची दीड ओळ होते आणि हितेश म्हणतो, आजी थांब, फोन नीट धरतो. आजी म्हणते, “बरं.” पुन्हा सुरुवात होते, तेवढ्यात मृणाली चार्जर कुठाय म्हणून विचारते. “बरं,” आजी थांबते. मग मोरूला फोन येतो, पनवेलजवळ ट्रक अडकलेला असतो, आणि मोरू तिथेच बसून म्हणतो, “आये, गप बस जरा.” “बरं.” एकूण रेकॉर्डिंगचा सर्वांत मोठा हिस्सा ट्रकचा आहे, त्याखालोखाल शेजारच्या खोलीतल्या मालिकेचा, मग मिक्सरचा. धवल्याचं एक कडवंही पुरं होत नाही. ‘बरं’ मात्र दर वेळी स्वच्छ ऐकू येतं.

परेशने तांत्रिक अभिप्राय दिला की, डिस्क निर्दोष आहे, मिठाने आतलं काहीही खाल्लेलं नाही.

मोरूने शब्द पाळला. शनिवारी मांडवात रेकॉर्डिंग आहे तसं लागलं. मृणालीने डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकलं. पाहुणे गाणं कधी सुरू होतंय म्हणून वाट पाहत राहिले आणि मग आपापसात बोलू लागले.

मोरूला हसण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. फक्त मघाशी हे वाचताना घरातून कोणीतरी तुम्हाला हाक मारली होती, आणि तुम्ही मान वर न करता “थांब जरा” म्हणालात. त्यावर पलीकडून काय उत्तर आलं, ते ऐकलंत का?