जयवंतचं फिरतं घर

"मुंबईत आजवर असं कुणी केलं नाही आणि पुढे करणारही नाही!" जयवंत परबने हे मालाडच्या प्रत्येक नाक्यावर सांगून ठेवलं होतं. त्यातला दुसरा भाग तेवढा खरा ठरला.

एका जुन्या मिनिबसमध्ये त्याने चक्क घर बांधलं होतं. पलंग, ओटा, स्टोव्ह, पडदे, पाण्याचं पिंप! मनोरीला पाहुण्यांसाठी कॉटेज चालवणारे भाऊराव ते बघणार होते. पसंत पडलं तर अशा दोन घरांची ऑर्डर, म्हणजे त्याच्या गॅरेजची चांदीच! वाळूत हिंडायला म्हणून त्याने बसमागे फोर-व्हील ड्राइव्हची जीपही लोखंडी दांड्याने जोडली.

"मागच्या गाडयेत कोण बसतलो?" धाकूकाकांनी विचारलं. गिरणीतून रिटायर झाल्यापासून ते पुतण्याच्या गॅरेजवर देखरेख करत, म्हणजे चुका काढत.

"कुणी नाही! ही काय दोरी आहे? दांडा आहे, काका! बस जाईल तिकडे जीप आपोआप येणार. तुम्ही पलंगावर मस्त ताणून द्या."

काका गप्प झाले. काका गप्प झाले की घाबरायचं असतं, हे जयवंतला गडबडीत आठवलं नाही.

मनोरी खाडीपलीकडे, पण मार्व्याच्या बोटीत गाडी चढत नाही, म्हणून भाईंदरचा वळसा. दहिसर येईपर्यंतच बस कण्हायला लागली. ॲक्सिलरेटर तळाला, वेग हातगाडीचा!

"अहो, सायकलवाला पुढे गेला," शेजारी बसलेली त्याची बायको सुगंधा म्हणाली.

"वजन झालंय! पाटा-वरवंटा कुणी आणला?"

"घर म्हणता ना? मग वाटण कशावर वाटू?"

जयवंतने पाटा-वरवंटा एका पानवाल्याच्या दारात ठेवला. "येताना नेतो!" बस हलली आणि पुन्हा तशीच कण्हायला लागली. हे कसं काय? पुढे जळका वास सुटला. "हा तुझा स्टोव्ह!" म्हणत त्याने स्टोव्ह उतरवला. तरी वास येतच होता! एक रिक्षावाला ओरडला, "भाईसाब, पीछे देखो!" जयवंतला वाटलं, कौतुकच करतोय. त्याने ऐटीत हात हलवला.

भाईंदरपुढच्या डोंगरी गावाच्या चढावर बस जागच्या जागी थरथरली. त्याने पाण्याचं पिंपही उतरवलं. काही उपयोग नाही! आता डोकंच चालेना. शेवटी कशीबशी मनोरी आली आणि वाळूच्या तोंडाशी मोठ्ठा आवाज करून क्लच गेला.

भाऊराव वाटच बघत होते. "या, हे फिरतं घर!" म्हणत जयवंतने दार उघडलं. आत ओटा होता, स्टोव्ह नव्हता. पाणीही नव्हतं. त्याने पलंगाचा पडदा सरकवला, तर काकाही नव्हते!

"बापरे! काका वाटेत पडले!"

"तुझो ब्रेक लय ढिलो हा रे, जयवंता!" मागून आवाज आला.

जीपच्या चाकांतून धूर निघत होता. आत पाटा-वरवंटा, स्टोव्ह, पिंप आणि मधोमध घामाघूम काका!

"तू वस्तू टाकत गेलंस, मी उचलत इलंय. आनी मालाडापासून दोनय पायांनी ब्रेक दाबून धरलंय. वढतल्या गाडयेत मागच्यान ब्रेक धरूक नको?"

जयवंतने कपाळ धरलं. भाऊराव मात्र पोट धरून हसले. "घर मला आवडलं, जयवंतराव. चाकं थंड झाली की ही जीप तुमची बस वाळूतून वर ओढू दे. ओढली तर दोन्ही घरांची ऑर्डर पक्की!"

जयवंतच्या जिवात जीव आला. तासाभराने त्याने जीप पुढे जोडली. यावेळी कुठलीच चूक होऊ द्यायची नव्हती, म्हणून काकांना स्वतःच्या शेजारी बसवलं. चारी चाकांना जोर दिला. वाळू उडाली, इंजिन किंचाळलं, सगळी जीप थरथरली, पण बस तसूभर हलेना! पुन्हा रेस! चाकं वाळूत रुतली. भाऊराव मान हलवत कॉटेजकडे निघाले.

"असं कसं? असं कसं?" जयवंतने रडकुंडीला येऊन मागे पाहिलं.

बसच्या स्टिअरिंगमागे पदर खोचून सुगंधा बसली होती. दोन्ही पाय ब्रेकवर.

"तुम्ही ओढा, काळजी करू नका!" ती खिडकीतून ओरडली. "काकांनी सांगितलंय मला, काही झालं तरी सोडायची नाही मी!"