मोजे घातलेले गुलाब

दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत वहिनी आ वासून पडल्या होत्या. तोंडात कापूस, हिरडीत इंजेक्शन, जीभ कुठे आहे याचा पत्ता नाही. दाढेचा फोटो दाखवायला डॉक्टर समोरच्या पडद्याशी खटपट करत होते. त्यात त्यांचं बोट भलतीकडेच पडलं आणि दाढेऐवजी पडद्यावर चक्क वहिनींची बाल्कनी आली. त्यांची गुलाबाची कुंडी, त्यांचे वाळत घातलेले टॉवेल आणि नुसत्या बनियनवर पाठ खाजवत उभा असलेला त्यांचा स्वतःचा नवरा!

"आँ! आँऽऽ!" वहिनी ओरडल्या.

"दुखणारच थोडं," म्हणत डॉक्टरांनी झटकन पडदा काळा केला. "हलू नका हं, वहिनी."

डॉक्टरांचा दवाखाना तळमजल्यावर आणि वहिनींचं घर बरोबर त्याच्या वर. वसाहतीच्या गुलाबस्पर्धेत दरवर्षी पहिला नंबर डॉक्टरांचा, दुसरा वहिनींचा. वहिनींनी फांदी छाटली की खाली डॉक्टरांची कात्री चालायची. वहिनींनी केळीची सालं पुरली की खालीही केळी खाल्ली जायची. शिवाय डॉक्टरांच्या अंगणाला ऊन जास्त! मोठी माणसं सारखाच विचार करतात, अशी वहिनींनी इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली होती.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला हातवारे करून सगळं सांगितलं. त्याला वाटलं चहा हवाय, म्हणून त्याने चहा टाकला. बधिरपणा उतरला तेव्हा कुठे वहिनींना वाचा फुटली.

"कबुतरांवर लक्ष ठेवायला तुम्ही बाल्कनीत कॅमेरा लावलात ना? त्यातून डॉक्टर तुमची पाठ बघतायत!"

नवऱ्याने घाईने शर्ट चढवला. "आपल्या वायफायचा पासवर्ड कुणाकुणाला दिलायस तू?"

"मागेल त्याला. हवेतूनच तर येतं ते. हवेला कुणी नाही म्हणतं का?"

"अगं, वायफायवर घेतलं म्हणजे घरात घेतलं! एक ते आठ आकडे हा काय पासवर्ड झाला?"

"बरं. आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड काय आहे?"

नवऱ्याचे कान लाल झाले. "तो... कंपनीतून आला तसाच आहे. खोक्यावर छापलेला."

"म्हणजे दार मी सताड उघडं टाकलं आणि कपाटाची किल्ली तुम्ही कपाटालाच लावून ठेवलीत. छान जोडी जमली आपली!"

"आत्ताच्या आत्ता दोन्ही बदलतो," म्हणत नवरा उठला.

"हात लावाल तर याद राखा!" वहिनींच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली होती. "यंदाची स्पर्धा व्हायची आहे अजून."

त्यांनी खरी कुंडी गुपचूप बेडरूमच्या खिडकीत हलवली आणि कॅमेऱ्यापुढे एक मरतुकडी जुनी कुंडी आणून ठेवली. मग नवऱ्याचा लोकरीचा मोजा कोमट पाण्यात बुडवला, पिळला आणि मोठ्या मायेने कळीवर चढवला. वर अंगाईही म्हटली.

"अहो, ऐकलंत का?" त्या कॅमेऱ्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाल्या. "ऊब मिळाली की पाकळ्या भरतात! परीक्षक येईपर्यंत मोजा काढायचा नाही. आणि हे कुणाला बोलू नका हं!"

"छे छे," नवरा म्हणाला आणि हसू आवरेना म्हणून आत पळाला.

संध्याकाळी वहिनींनी कठड्यावरून खाली डोकावलं. डॉक्टरांच्या कुंडीत निळा मोजा उभा होता आणि डॉक्टर हलक्या आवाजात गात होते. वहिनींना त्या रात्री फार शांत झोप लागली.

स्पर्धेच्या दिवशी वहिनी कुंडी घेऊन सभागृहात शिरल्या आणि दारातच थबकल्या. टेबलावर डॉक्टरांचा निळा मोजा होता, हे ठीकच. पण त्याच्या शेजारी गाण्याच्या बाईंचा लाल मोजा होता. त्यापलीकडे निवृत्त फौजदारांचा खाकी. लिफ्टवाल्यांच्या मोज्याला तर अंगठ्याशी भोक होतं आणि त्यातून एक पान केविलवाणं बाहेर बघत होतं. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते मोजेच मोजे! उघडा गुलाब एकट्या वहिनींचा.

"हे काय?" परीक्षकबाईंनी चष्मा सावरला. "फुलांना सर्दी झालीय का?"

एकेक मोजा उतरला. आत काळ्या पडलेल्या, कुजक्या पाकळ्यांचा लगदा. गाण्याच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. डॉक्टरांनी आपल्या कळीकडे पाहिलं, मग वहिनींच्या टपोऱ्या लाल फुलाकडे पाहिलं आणि सगळं उमजून मान खाली घातली. "मी तर वहिनींचं बघून केलं," असं म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने?

ढाल हातात आली तेव्हा वहिनींना अगदी आभाळ ठेंगणं झालं. पण घराचा जिना चढताना त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे अख्खी इमारत बघत होती! आणि त्याच बाल्कनीत, दुपारी सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या की, त्या रोज बहिणीला व्हिडिओ कॉलवर त्यांची नक्कल करून दाखवायच्या.

घरात पाऊल टाकताच त्यांनी नवऱ्याला कामाला लावलं. वायफायचा आणि कॅमेऱ्याचा असे दोन्ही पासवर्ड बदलले, चांगले लांबलचक आणि वेगवेगळे. पाहुण्यांसाठी वायफायची वेगळी वाट केली. तिच्यावरून बाल्कनी दिसण्याची सोय नव्हती. तेवढ्यात दारावरची घंटा वाजू लागली ती थांबेचना. सगळ्यांचं इंटरनेट एकदमच गेलं होतं. शेवटी डॉक्टर आले.

"अभिनंदन, वहिनी. ते... नवा पासवर्ड मिळेल का?"

"मिळेल की," वहिनी गोड हसल्या. "आधी आ करा बघू."

डॉक्टरांनी खरंच आ केला. वहिनींनी मनसोक्त वेळ आत पाहून घेतलं आणि मगच पाहुण्यांचा पासवर्ड सांगितला.

दार लावून त्या वळल्या, तर पुढ्यात सासूबाई फोन घेऊन उभ्या.

"अगं, माझ्या फोनवर बाल्कनी दिसेना झालीय."

वहिनींच्या हातातली ढाल पडता पडता वाचली. "आई... तुम्हीसुद्धा?"

"मग दुपारी मला दुसरा विरंगुळा काय? चाल अगदी हुबेहूब करतेस हो माझी. पण खोकला चुकतोय. मी दोनदाच खोकते, तू आपली खोकत सुटतेस." त्यांनी फोन पुढे केला. "घाल बघू तो नवा पासवर्ड."

वहिनींनी निमूटपणे घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला तेव्हा त्या बाल्कनीत गेल्या, कॅमेऱ्याकडे तोंड करून नीट उभ्या राहिल्या आणि मोजून दोनदा खोकल्या. आतल्या खोलीतून टाळ्या ऐकू आल्या.